आईला वगळून समुद्रावर

आण्णांना आयुष्यात एकच बक्षीस मिळालं, आणि तेही काही न घडल्याबद्दल. तारापूरच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. वर्षभरात त्यांच्या बॉयलरची एक नळी फुटली नाही, कुणी भाजलं नाही, वाफेनं कुणाच्या बोटाला फोडसुद्धा आला नाही. म्हणून सुरक्षा सप्ताहाच्या समारंभात त्यांना एक शाल, एक नारळ आणि एक लिफाफा देण्यात आला. प्रमुख पाहुणे सुरक्षिततेवर पाऊण तास बोलले. तेवढा वेळ आण्णा खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळ बघत होते, कारण बॉयलरवरचा बदली माणूस नवा होता आणि भाषण संपेपर्यंत पाण्याची पातळी कुठवर खाली जाईल याची त्यांना काळजी लागली होती. लिफाफा हातात पडला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, अब भाभी को घुमाके लाओ!" आणि सगळा मांडव हसला. आण्णांनी शाल घडी करून काखेत मारली आणि ते थेट बॉयलरवर गेले.

लिफाफ्यात एक जाड, गुळगुळीत पास होता. पालघरकडच्या माहीम आणि केळवे यांच्या मधल्या किनाऱ्यावर मालकांच्या मेहुण्यानं नवं रिसॉर्ट काढलं होतं, तिथं तीन दिवस आणि दोन रात्री. त्याचं नाव सांगत नाही. असल्या ठिकाणांची नावं समुद्र आणि राजवाडा या दोन वस्तूंच्या मिश्रणातूनच तयार होतात. पासावर छापलं होतं : दोन मोठी माणसं, दोन लहान मुलं, राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा, बालकांसाठी मनोरंजन, सर्व समाविष्ट. आम्ही पाचजण होतो. आण्णा, आई, चौदा वर्षांची मी, सात वर्षांचा नंदू आणि अडीच वर्षांचा छोटू. म्हणजे सर्व समाविष्ट असलं तरी आमच्यापैकी एकजण समाविष्ट नव्हता. मी मोठी की लहान यावर दोन दिवस चर्चा झाली. मोठी धरली तर मोठी तीन होत होती, लहान धरली तर लहान तीन. मला त्या वयात सगळीकडेच असं व्हायचं.

आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहत होतो. आण्णा आणि आई सातारा भागातले. नोकरीपायी इथं आलेले. पहाटे मालगाडी जायची तेव्हा फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि कारखान्यांचे भोंगे एकामागून एक असे वाजायचे की आई त्यावर भाजीची फोडणी आणि भाताचं आधण जुळवून घ्यायची. वारा कुठून येतो त्यावर त्या दिवशीचा वास ठरायचा. कधी रंगाचा, कधी कुजक्या अंड्याचा, आणि नशीब असेल तर मागच्या शेतातल्या चिखलाचा. आई गावाकडची ज्वारीची भाकरी करायची, पण हिराबाईकडून ती तांदळाची भाकरी थापायलाही शिकली होती. हिराबाई किनाऱ्यावरच्या गावातून डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायला यायची आणि विक्री संपली की आमच्या पायरीवर बसून पाणी, चहा आणि मग सल्ला, या क्रमानं देवघेव करायची. पाणी आणि चहा ती घ्यायची, सल्ला द्यायची. बोंबील विस्तवावर भाजून, त्यावर कच्चं तेल आणि कांदा घालून, गरम तांदळाची भाकरी; त्या चवीसाठी मी आजही एखादा समारंभ सोडून येईन. तसे समारंभ मी त्याहून क्षुल्लक कारणांसाठीही सोडलेले आहेत.

पास आला त्याच आठवड्यात पोस्टमननं दुसरा एक लिफाफा आणला. तो आईचा होता. लग्नाआधी आईनं शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेला होता, आणि दोन वर्षांपूर्वी कुणालाही न सांगता तिनं जिल्ह्याकडे अर्ज टाकला होता. सफाळ्याच्या आतल्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत तिची नेमणूक झाली होती. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी रुजू व्हायचं, न झाल्यास नेमणूक रद्द. कागद गुळगुळीत नव्हता, शिक्का तिरका होता, आणि आईनं तो इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटायला आला. सकाळी सातच्या गाडीनं सफाळ्याला जायचं, पुढं पाऊण तास चालायचं आणि संध्याकाळी परतायचं. शेजारच्या काकू छोटूला दिवसभर सांभाळायला तयार होत्या. स्वयंपाक मी आणि आई वाटून घेणार होतो. आण्णाही नाही म्हणाले नव्हते. अडचण एकच होती. छोटू अजून अंगावर पीत होता.

नुसता पीत होता असं नाही. त्याचा तो जोडधंदा होता. झोपताना, उठताना, पडल्यावर, रागावल्यावर, पाहुणे आल्यावर आणि पाहुणे गेल्यावर त्याला आईचं दूध लागायचं. 'दुदू' म्हणायचा आणि पदर ओढायचा. दुपारी तर त्याशिवाय डोळा मिटायचाच नाही. आईनं कोरफडीचा गर लावून पाहिला. छोटूनं तोंड वाकडं केलं, न्हाणीत गेला, ओलं फडकं घेऊन आला आणि आईच्या हातात देऊन म्हणाला, "पूस." कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तेव्हा तो स्वतःच तांब्याभर पाणी घेऊन आला. त्याच्या या समंजसपणापुढे आई हसायची आणि हसली की हरायची. एका दुपारी काकूंनी त्याला तीन तास आपल्या घरी ठेवून बघितलं. तो तीन तास रडला, शेवटी उलटी केली, आणि काकू हात जोडून त्याला परत घेऊन आल्या. "वहिनी, मी सगळं करीन," त्या म्हणाल्या, "पण याचं हे आधी तोडा. नाहीतर माझा जीव जाईल नि त्याचाबी."

त्या रात्री जेवताना आण्णा म्हणाले, "तोवर सुटलं तर जा. नाही सुटलं तर कळव त्यांना, पुढच्या वर्षी बघा म्हणून."

"पुढच्या वर्षी कोण विचारतंय," आई म्हणाली. तिनं आण्णांच्या ताटात आमटी वाढली आणि विषय तिथंच राहिला.

तोडगा हिराबाईनं काढला. पायरीवर बसून तिनं सगळी हकिगत ऐकली, पासही हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "तुमी एवढी शिकलेली मानसं, आणि एवढं समजत नाय? पोर आईला बगतो म्हनून मागतो. आई दिसली नाय तर कोनाकडं मागल? तू घरात राहा. बापाबरोबर धाड पोरांना दर्यावर. आमच्यात अशीच तोडतात. मामाकडं धाडतात, नाय तर आत्याकडं. तुमचे मामा सातारला, म्हंजे दर्याच बरा."

"आणि माझं काय?" आईनं पदर सारखा करत विचारलं.

"मोगऱ्याच्या कल्या छातीला बांद. घट्ट. तीन दिवस दुखल, मंग आटल." मग माझ्याकडे बघून हिराबाई म्हणाली, "आनी ही हाय की. हिला मोठी धरा."

अशा रीतीनं पासाचा हिशेब बसला. दोन मोठ्यांतली एक जागा मला मिळाली, आणि आमच्या घरातली पहिली आणि बहुतेक शेवटची चैनीची सुट्टी आईला वगळून ठरली. आण्णांना स्वतःच्या मुलांबरोबर एकटं राहण्याचा अनुभव नव्हता. पाळीवरून यायचे, अंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. आम्ही त्यांना बहुतेक वेळा झोपलेलंच पाहिलेलं. निघताना आईनं मला छोटूच्या खाण्यापिण्याच्या अकरा सूचना दिल्या आणि आण्णांना एकच दिली, "ओरडू नका." छोटूला फसवून नेण्यासाठी ती मागच्या दारानं काकूंकडे गेली. बोईसरहून पालघरपर्यंत आगगाडीत तो खिडकीत रमला. पालघरहून माहीममार्गे जाणाऱ्या एसटीत बसल्यावर त्यानं माझ्याकडे, मग आण्णांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आई?" बाहेर पानवेलींचे मांडव आणि केळीच्या बागा लागल्या होत्या. आण्णा म्हणाले, "ते बघ केळी." त्यानं केळी पाहिल्या आणि परत विचारलं, "आई?"

रिसॉर्टच्या फाटकावर खाकी पोशाखातल्या पहारेकऱ्यानं आम्हाला सलाम ठोकला. आण्णांनीही सवयीनं उलट सलाम ठोकला आणि खिशातून कारखान्याचं ओळखपत्र काढलं. आत मे महिन्याच्या उकाड्यात टाय बांधलेले मॅनेजर उभे होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातात नारिंगी सरबताचा ग्लास दिला, त्यावर कागदाची छत्री खोचलेली. समुद्रापासून वीस पावलांवर त्यांनी पोहण्याचा हौद बांधला होता, आणि समुद्र दाखवण्याआधी तो दाखवला. "इथं सगळं इन्क्लुडेड आहे," ते हात पसरून म्हणाले. नंदूनं विचारलं, "समुद्रपण?" मॅनेजर हसले नाहीत; म्हणाले, "समुद्र सकाळी दहा ते बारा." भिंतीवर वेळापत्रकच होतं : समुद्रस्नान दहा ते बारा, बालकांसाठी मनोरंजन चार ते पाच. ओहोटी लागली की हा समुद्र पाऊण मैल आत जातो आणि दहा वाजता तिथं गुडघाभर चिखल असू शकतो, हे हिराबाईच्या टोपलीतल्या बोंबलालाही ठाऊक होतं. पण वेळापत्रक फ्रेम करून लावलेलं होतं, त्यामुळे समुद्राचीच चूक ठरत होती.

गेल्या वर्षी माझा मुलगा आम्हाला अशाच एका जागी घेऊन गेला. मनगटावर कागदी पट्टा बांधला, तो तीन दिवस अंघोळीतही काढायचा नाही. त्याच्या हातावर होता तोच पट्टा माझ्या दीड वर्षांच्या नातीच्या हातावर होता, आणि ती तो सारखा चावत होती. मला ती एकटीच शहाणी वाटली.

पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला आम्ही मोठ्या दालनात गेलो. टेबलावर ओळीनं पातेली मांडलेली होती आणि लोक ताटं घेऊन फिरत होते. आण्णा ताट हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. कुणीतरी कुठं बसा म्हणेल अशी ते वाट पाहत होते. नंदूनं पावाचे सात तुकडे जॅम लावून घेतले आणि एकाही पातेल्याकडे बघितलं नाही. शेजारच्या टेबलावर पार्ल्याहून आलेल्या एक बाई होत्या, नवरा आणि दोन मुलींसह. त्यांनी मला प्रेमानं विचारलं, "आई नाही आली का गं?" मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात नंदू भरल्या तोंडानं, सबंध दालनाला ऐकू जाईल असा बोलला, "आईचं दूध आटवायला घरी ठेवलंय." माझ्या हातातला चमचा गळून पडला. आण्णांनी वरणात तोंड घातलं. बाई मात्र जराही दचकल्या नाहीत. खुर्ची आमच्याकडे ओढून घेत त्या हळूच म्हणाल्या, "माझी धाकटी साडेतीन वर्षांची होईपर्यंत पीत होती. सासूबाई गावभर सांगायच्या. कितवा दिवस आहे?"

"पहिलाच," आण्णा म्हणाले.

"उद्याची दुपार अवघड जाईल," बाई म्हणाल्या. "परवा बरं."

ती पहिली रात्र मी सांगत नाही. छोटू रडला आणि दमून झोपला, एवढंच. सकाळी उठले तेव्हा आण्णा पायरीवर बसून काहीतरी लिहीत होते. मला वाटलं आईला पत्र. ते अंघोळीला गेल्यावर मी पाहिलं. रिसॉर्टच्या छापील वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पट्टीनं मारल्यासारख्या सरळ रेघा आखल्या होत्या. बॉयलरवर दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लिहायचा त्यांचा रिवाज होता. त्याच धर्तीवर त्यांनी दर तासाचा छोटू लिहिला होता. 'पाच वाजता : जागा. आई विचारली. सहा : दूध-बिस्किट घेतलं, अर्धं सांडलं. सात : शंख दाखवला. शांत. सात पंचवीस : पुन्हा आई विचारली, थोडा रडला. खेकडा दाखवला.' त्याखाली एक ओळ होती : 'मागण्याआधी द्यावं. मागितल्यावर उशीर होतो.' मी कागद जिथं होता तिथं ठेवला. मला तोवर वाटायचं की आण्णांना आमच्यातलं फारसं काही दिसत नाही.

दुसरा दिवस त्यांनी त्या नियमानं काढला. तास कलला की काहीतरी हजर. शंख, खेकडा, हौदातलं पाणी, पहारेकऱ्याची शिट्टी. त्या गरीब माणसानं ती छोटूला वाजवायला दिली. मी मोठ्या माणसाच्या हुद्द्यावर असल्यानं मला नंदूला बुडू न देणं आणि कपडे वाळत घालणं ही कामं होती. आमची चड्ड्या-झबल्यांची रांग खिडकीबाहेर लागली तेव्हा मॅनेजर येऊन म्हणाले, की याने व्ह्यू जातो. मी कपडे आत घेतले. ते गेल्यावर आण्णांनी पुन्हा बाहेर घातले.

पार्ल्याच्या बाई म्हणाल्या होत्या तसं दुपारी झालं. जेवणानंतर झोपेची वेळ आली आणि छोटूला एकदम सगळं आठवलं. त्यानं माझा फ्रॉक ओढून पाहिला, मग सोडून दिला. खोलीतल्या पलंगाखाली बघितलं. कपाट उघडायला लावलं. कपाटात फक्त हँगर होते. मग तो जमिनीवर बसला आणि असा रडला की मी कानांवर हात ठेवले. हे हट्टाचं रडणं नव्हतं. कुणीतरी आपल्याला सांगितल्याशिवाय काहीतरी काढून घेतलं आहे, हे कळलेल्या माणसाचं ते रडणं होतं. मी दूध दिलं, त्यानं ग्लास ढकलला. खडीसाखर दिली, ती थुंकली. अर्ध्या तासानं दारावर टकटक झाली. मॅनेजर होते, टायसकट.

"मिस्टर, इतर गेस्टची विश्रांतीची वेळ आहे," ते म्हणाले. "बाळाला काय पाहिजे ते सांगा, किचनमधून पाठवतो. सगळं इन्क्लुडेड आहे."

आण्णांनी दार आणखी उघडून त्यांना छोटू दाखवला. मग म्हणाले, "त्याला पाहिजे ते तुमच्याकडं न्हाई, साहेब."

मी तेव्हा म्हटलं, "आण्णा, परत जाऊ या घरी. आपण नेऊ त्याला आईकडं." मला आईची नोकरी दिसत नव्हती, फक्त छोटूचे निळे पडत आलेले ओठ दिसत होते. आण्णांनी एक क्षण विचार केला. ते हो म्हणाले असते तर संध्याकाळच्या गाडीनं आम्ही घरी असतो, आई दारातच पदर मोकळा करून बसली असती आणि सफाळ्याच्या शाळेत दुसरं कुणी रुजू झालं असतं. आण्णांनाही ते दिसत असणार. त्यांनी छोटूला उचललं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि भर उन्हात बाहेर पडले. मी आणि नंदू मागोमाग.

किनाऱ्यालगत सुरूचं बन होतं. सावली विरळ, पण वारा चांगला. सुरूंतून वारा जातो तेव्हा लांबून गाडी येतेय असा आवाज येतो. आण्णा एका बुंध्याला टेकून बसले, सदरा काढला आणि रडणाऱ्या छोटूला आपल्या उघड्या छातीवर घेतलं. त्यानं लगेच तोंड खुपसलं, हातानं चाचपलं, आणि त्याला काय मिळालं ते कळताच संतापानं छातीवरचे केस उपटले. आण्णांनी हूं की चूं केलं नाही. त्यांना गाणं येत नव्हतं. अंगाई तर नाहीच. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटत, खालच्या आवाजात, त्यांना आयुष्यात जी एकच गोष्ट तोंडपाठ होती ती म्हणायला सुरुवात केली.

"प्रथम पाण्याची पातळी बघावी. गेज ग्लास साफ करावा. सेफ्टी व्हॉल्व्ह तपासावा. डॅम्पर उघडावा. आत कुणी नाही याची खात्री करावी. मग आग पेटवावी. आग एकदम वाढवू नये." बॉयलरच्या परीक्षेला बसताना त्यांनी हे घोकलेलं होतं. आई चुलीपाशी प्रश्न विचारायची आणि ते उत्तरं द्यायचे, असं मी ऐकून होते. "दाब हळूहळू चढू द्यावा. बंद करताना आग हळूहळू कमी करावी. बॉयलर एकदम गार करू नये. एकदम गार केल्यास..." इथं ते थांबले, थोपटणारा हातही थांबला. मग परत पहिल्यापासून, "प्रथम पाण्याची पातळी बघावी."

नंदू माझ्या कानाशी म्हणाला, "आक्का, आण्णांना काय झालंय?" मी त्याला चिमटा काढला. पाचव्या की सहाव्या फेरीला छोटूचं रडणं हुंदक्यांवर आलं. आणखी दोन फेऱ्यांनी हुंदकेही लांब लांब झाले. मग आण्णांच्या कडेवर एक पाय, छातीवर एक गाल आणि मुठीत थोडे केस धरून तो झोपला. आण्णा पुढचे दोन तास हलले नाहीत. त्यांच्या पायावर मुंग्या चढलेल्या मला दिसत होत्या. चार वाजता बालकांसाठी मनोरंजन म्हणून कुणीतरी ध्वनिक्षेपकावर मोठ्यानं गाणी लावली, तेव्हा त्यांनी छोटूच्या वरच्या कानावर तळहात ठेवला.

मी पुष्कळ लग्नांत, मुंजींत, सत्कारांत बापांना मुलांसाठी भाषणं करताना ऐकलं आहे. मला त्यातलं एकही आठवत नाही. पातळी, ग्लास, व्हॉल्व्ह, डॅम्पर हा क्रम मात्र मला अजून पाठ आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी छोटूनं एकदाच आई विचारली आणि उत्तराची वाट न बघता आण्णांचं बोट धरून खेकडे बघायला गेला. दुपारी जेवून आम्हाला निघायचं होतं. मी कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा पहारेकरी आला आणि म्हणाला, "ताई, फाटकावर एक बाई हाय. आत सोडू का नको ते इचारायला आलो. पास नाय तिच्याकडं."

आई होती. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, सुरूच्या झाडाआड उभी. तिनं हिरवं, काठाचं पातळ नेसलं होतं, डोळे खोल गेलेले. जवळ गेल्यावर मोगऱ्याचा वास इतका दाटून आला की देवळात गेल्यासारखं वाटलं. तिनं दोन्ही हात छातीपासून जरा दूर धरले होते, आणि मी मिठी मारायला गेले तशी चटकन मागं सरली. "दुखतंय गं," ती म्हणाली.

"तू कशाला आलीस?"

"नंदूचा टॉवेल राहिला होता." तिच्या पिशवीत खरोखरच टॉवेल होता. मग ती म्हणाली, "मी आत येणार न्हाई. लांबनं बघते आणि जाते. खातोय का?"

"खातोय. काल दुपारी आण्णांच्या अंगावर झोपला."

"आण्णांच्या?" तिनं असं विचारलं की मला हसू आलं. मी तिला सगळं सांगितलं, बॉयलरची परीक्षासुद्धा. ती ऐकता ऐकता एकदम झाडाला टेकली आणि तिनं पदर तोंडावर दाबला. हसण्यासाठी की कशासाठी ते मला कळलं नाही.

मी तिला बनाच्या कडेनं, वाळूवरून दिसेल अशा जागी नेऊन उभं केलं. आण्णा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले होते, छोटू त्यांच्या पाठीवर. लांबनं बघून ती गेली असती. पण नंदूनं आम्हाला पाहिलं आणि नंदूला गुपित कधी पेललं नाही. "आईऽऽ" करत तो धावत आला. छोटूनं मान वळवली. तो आण्णांच्या पाठीवरून उतरला आणि वाळूतून चालत आला, धावत नाही, चालत. मागून आण्णा उठले, पण जागचे हलले नाहीत. मला वाटलं संपलं. तीन दिवस, खेकडे, शंख, सगळं आता याच्या एका ओढीसरशी जाणार. आईच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग हळूहळू मोठे होत चालले होते, आणि तिनं ते झाकलेही नाहीत.

छोटू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिनं त्याला उचललं नाही. मांडी घालून खाली वाळूत बसली. त्यानं तिच्या पोलक्यावर हात ठेवला. हात ओला झाला, तो त्यानं नाकाशी नेला. मोगरा. त्यानं नाक मुरडलं.

"दुदू गेलं?" त्यानं विचारलं.

आईनं त्याचा ओला हात पदरानं पुसला. मग म्हणाली, "गेलं, सोन्या."

छोटू आमच्या पायरीवर हिराबाईपाशी बोलायला शिकलेला, म्हणून तिच्याच भाषेत त्यानं आईला माहिती दिली, "आन्नाकडं पन नाय."

"न्हाई का?"

"नाय. केस हाय." आणि एवढं सांगून झाल्यावर त्यानं तिचा हात धरून ओढला, "चल. खेकडा बग."

आई त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत गेली. खेकडा तोवर बिळात गेला होता. तिनं रिकाम्या बिळाचंही कौतुक केलं. आण्णा आणि ती शेजारी शेजारी उभे राहिले, चारचौघांत उभे राहायचे तसे हातभर अंतर ठेवून. आण्णांनी विचारलं, "ताप हाय का?" ती म्हणाली, "थोडा." मग दोघंही समुद्राकडे बघत राहिले. आईनं तो समुद्र बोईसरला आल्यापासून पहिल्यांदाच पाहिला, हे मला फार नंतर कळलं. मॅनेजर वाळूतून बूट सांभाळत आमच्याकडे येताना दिसले. बहुधा पासावर एक माणूस जास्त आहे हे सांगायला. त्यांना तसदी पडू नये म्हणून की काय, आई पदर अंगाभोवती घट्ट लपेटून म्हणाली, "मी निघते. एसटी आहे आत्ता. याच्या डोळ्यांसमोर जास्त नको."

"जेवून जा की," आण्णा म्हणाले.

"नको. पातळं धुवायचीत, इस्त्री करायचीत. नऊच दिवस राहिलेत." ती छोटूचा पापा घेण्यासाठी वाकली, मधेच थांबली, आणि त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मग ती वाळूतून फाटकाच्या दिशेनं गेली. वाळूत तिला भराभर चालता येत नव्हतं, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. न पाहण्याला किती ताकद लागते हे मला माझी मुलं पाळणाघरात सोडताना कळलं.

छोटू तिच्याकडे बघत होता. "आन्ना," तो म्हणाला, "आई कुठं चालली?"

आण्णांनी त्याला खांद्यावर घेतलं, म्हणजे त्याला ती नीट दिसावी. झाडांमधून हिरवं पातळ अजून दिसत होतं.

"शाळेत," आण्णा म्हणाले. "आता ती रोज जाणार. संध्याकाळी परत येणार."